इंगळेंचं ‘हो सर’

“इंगळे, चाळणीची भोकं सहाची ठेवायची की आठची?”

नितीन सरांनी विचारलं. आम्ही पाच जण एका गोल टेबलाभोवती बसलो होतो आणि टेबलावर डाळ मिलच्या नव्या मशीनचं मॉडेल तरंगत होतं.

“हो सर,” इंगळे म्हणाले.

कोणी हसलं नाही. सरांनी जरा चढ्या आवाजात पुन्हा विचारलं. इंगळेंच्या आकृतीनं मान हलवली. “हो सर, चालेल.”

यातलं काहीच खरं नव्हतं. ना टेबल, ना खोली. मी अमरावतीत माझ्या घरी, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत डोळ्यांवर हेडसेट लावून उभी होते. सर पुण्यात होते आणि इंगळे अकोल्यात. हेडसेट म्हणजे डोक्याला पट्ट्यानं बांधायचा जाडजूड चष्मा. त्यातून आपली खोली दिसते आणि नसलेल्या वस्तूही त्या खोलीत आणून ठेवता येतात. आमची कंपनी धान्य आणि डाळीच्या मशिनी डिझाइन करते. माणसं चार गावांत विखुरलेली. मॉडेलभोवती सगळ्यांना एकत्र उभं राहता यावं म्हणून सरांनी हेडसेट घेतले. त्यावर मीटिंगसाठी कुठलं अॅप वापरायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचं आयटी मीच बघते.

तीन अॅप निवडली होती. पहिल्यात आपली खोली पूर्ण गायब होते आणि सगळे एका सुंदर हॉलमध्ये बसतात. प्रत्येकाचा अवतार असतो, म्हणजे कार्टूनसारखी आकृती. कमरेखाली काहीच नाही. दुसऱ्यात आपली खोली दिसत राहते आणि आकृत्या तिच्यात येऊन बसतात. माझ्याकडे त्या बरेचदा पलंगात अर्ध्या रुतलेल्या असत. तिसरं सगळ्यात साधं. लॅपटॉपवरून आलेल्या माणसाचा कॅमेऱ्यातला खरा चेहरा मोठ्या चौकटीत समोर तरंगतो. पहिल्यात तोच चेहरा लांब भिंतीवर फोटोफ्रेमएवढा दिसतो.

सरांना पहिलं आवडलं होतं. “वर्षा, यात एकत्र असल्यासारखं वाटतं ना?” असं ते प्रत्येक टेस्टनंतर म्हणत. मी चित्र, आवाज, नेटवर्क, बॅटरी, डोक्यावरचं वजन असा तक्ता भरत होते. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता.

त्या मीटिंगनंतर सरांचा फोन आला.

“इंगळेचं काय चाललंय? तिसऱ्यांदा हे. मागच्या वेळी मी नको म्हटलेला बदल त्यानं ड्रॉइंगमध्ये करून ठेवला.”

“हेडसेटचा माइक खराब असेल सर. मी बघते.”

“बघ. नाहीतर या प्रोजेक्टवरून त्याला काढतो. क्लायंट अकोल्याचाच आहे, त्याच्यासमोर असं चालणार नाही.”

मी इंगळेंच्या हेडसेटचा आवाज दुरून तपासला. ठीक होता. नेटवर्कही ठीक. फीडबॅक फॉर्ममध्ये त्यांनी तिन्ही अॅपपुढे ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलं होतं. हा माणूस चार वर्षं आमच्याकडे होता. व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचा. हेडसेट आल्यापासूनच बिनसलं होतं आणि हेडसेटची जबाबदारी माझ्या गळ्यात होती. मला बसवेना. जेवताना उठून पुन्हा लॉग, म्हणजे हेडसेटनं ठेवलेल्या नोंदी, बघितल्या. नवरा म्हणाला, “अवं, जेवून तं घे.” शेवटी सकाळची बस धरली आणि मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला निघाले. पूर्ण रस्ता मी पिशवीतल्या हेडसेटच्या पट्ट्याशी चाळा करत होते.

इंगळेंच्या बायकोनं, सुषमानं, दार उघडलं. इंगळे आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून काम करत होते.

“इंगळे, आली मी!” मी दारातूनच म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली. सुषमा घाईनं माझ्या पुढे गेली आणि तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला. इंगळे दचकून उठले. “अरे ताई! कवा आल्या?”

माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही. कामात गढलेला माणूस, असंच वाटलं. मी खुर्चीवर बसले, हेडसेट चढवला, त्यांनाही चढवायला सांगितला आणि त्याच खोलीतून आम्ही दोघं पहिल्या अॅपमध्ये शिरलो. मी बोलत होते: आवाज कसा येतो, कुठे तुटतो का. समोरून उत्तर नाही. कुठेतरी बारीक शिटी मात्र वाजत होती.

“ही शिटी कायची आहे?” मी विचारलं.

इंगळेंनी स्वतःचा हेडसेट काढला. मग माझ्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, “ताई, ते डोक्यावरून काढा. मंग बोला.”

मी काढला. त्यांनी कानावरचे वाढवलेले केस मागे केले. तिथे श्रवणयंत्र होतं. हेडसेटचा पट्टा त्यावर दाबला की ते शिटी मारायचं.

“डाव्या कानानं काहीच नाही. उजव्यानं मशीन लावून थोडंसं. बाकी मी ओठ पाह्यतो,” ते म्हणाले. “लहानपणापासून पाह्यतो. व्हिडिओवर सगळे समोर राहतात, तोंड दिसते, काही अडत नाही. हे आलं आणि माह्यं सगळं बंद झालं.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“आधीच्या कंपनीत सांगितलं होतं. लय चांगले वागले. सगळ्या मीटिंगमधून मले सुटी देली. सहा महिन्यानं म्हणाले, तुमच्याजोगं काम नाही आता.”

सुषमा दाराशी उभी होती. ती म्हणाली, “रात्री झोपत नाहीत, ताई. घरात नुसत्या येरझारा घालतात.”

मला जे येतं ते मी केलं: टेस्ट. यंत्र काढून ठेवून त्यांनी हेडसेट घातला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन अॅपमधून बोलले. अवतारांचे ओठ हलतात ना, त्यावरून काही कळतं का, ते बघायचं होतं. आमच्या हेडसेटला ओठ दिसतच नाहीत. तो फक्त आवाज ऐकतो आणि त्या अंदाजानं कार्टूनचं तोंड हलवतो.

“हे तोंड नुसतं उघडझाप करते ताई,” इंगळे बाहेरून ओरडले. “बोलून नाही राहिलं.”

खाली शब्द उमटवायची सोय होती, तीही चालू केली. आम्ही मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात कालवतो. त्यानं ‘चाळणी’ची ‘चांदणी’ केली आणि पुढची दोन वाक्यं गिळून टाकली.

निघताना इंगळे म्हणाले, “सरांना नका सांगू. तुमाले शपथ घालत नाही, पण नका सांगू.”

मी हो म्हटलं आणि परतीच्या बसमध्ये त्या ‘हो’चा मला त्रास होत राहिला. न सांगावं तर माणूस प्रोजेक्टवरून जातो. सांगावं तर जे त्यानं इतकी वर्षं जपलं ते मी उघडं करते. शेवटी तक्त्यात एक नवी ओळ घातली: ‘बोलणाऱ्याचा खरा चेहरा दिसतो का.’ त्या ओळीवर तिसरं अॅप जिंकत होतं. नाव कोणाचंच लिहिलं नाही.

सोमवारी रिपोर्ट वाचून सरांनी फोन केला. “ही ओळ कशाला? अवतार आहेत की.”

“सर, चेहरा दिसला की गैरसमज कमी होतात.”

“कोणाचे गैरसमज झालेत?”

मी नाव घेतलं नाही. सर म्हणाले, “पहिलंच घेऊ. दुपारी शेवटची मीटिंग करू. आणि इंगळेच्या जागी कोण, तेही त्यानंतर ठरवू.”

मी इंगळेंना मेसेज केला. जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली, ‘मी काही सांगितलेलं नाही. पुढचं तुमी ठरवा.’ निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

दुपारी सगळे हॉलमध्ये जमले. इंगळेंची खुर्ची रिकामी. सर सुरुवात करणार एवढ्यात लांबच्या भिंतीवर एक चौकट उजळली. इंगळे लॅपटॉपवरून आले होते. केस बारीक कापलेले. कानावरचं यंत्र लख्ख दिसत होतं.

“सर, एक मिनिट,” ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. “तुमी हेडसेट काढा आणि कॅमेऱ्यावर या. मले ऐकू कमी येते. ओठ पाहून समजते. या कार्टूनचं काही समजत नाही.”

मग सरांची आकृती जागच्या जागी गायब झाली. मी घाबरले, वाटलं, त्यांनी मीटिंगच सोडली. थोड्या वेळानं भिंतीवर दुसरी चौकट उघडली. सरांचे केस विस्कटलेले, कपाळावर हेडसेटचा लाल वळ.

“कधीपासून, इंगळे?”

“पहिल्या दिवसापासून, सर.”

“आणि मी तुला चार वर्षं...” सरांनी वाक्य अर्धवट सोडलं. मग कॅमेऱ्याजवळ सरकले आणि हळू, सुटं सुटं विचारलं, “ड्रॉइंगमधला तो बदल. मी नको म्हटलं होतं. तुला काय समजलं?”

“तुमी करा म्हटलं, असं समजलं. काढून टाकतो. पण सर, एवढं सावकाश नका बोलू. नेहमीसारखं बोला. सावकाश बोललं की ओठ वेगळेच दिसतात.”

सर पहिल्यांदा हसले. बाकीचेही एकेक करून हेडसेट काढून कॅमेऱ्यावर आले. मी सगळ्यात शेवटी आले, कारण आधी डोळे पुसायचे होते.

तिसरं अॅप घेतलं. मॉडेल फिरून बघायचं असेल तेवढ्यापुरता हेडसेट, चर्चा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर. इंगळे प्रोजेक्टवर राहिले. पण क्लायंटचे फोन सरांनी दुसऱ्याकडे दिले आणि ते इंगळेंना आवडलं नाही. त्यांनी तसं सरांना तोंडावर सांगितलं. त्यावर अजून वाद चालू आहे. मला वाटतं, इंगळेंचं बरोबर आहे.

मला आता कोणी विचारलं की मीटिंगसाठी कुठलं अॅप चांगलं, तर मी अॅपचं नाव सांगत नाही. तुमच्या मीटिंगमध्ये कोण कोण असतं, ते विचारते. बहुतेकांना याचं उत्तर पूर्ण देता येत नाही.