साहेबाच्या रस्त्याचं वळण

आमच्या ऑफिसातले रत्नागिरीचे चाचा नसते, तर मी त्याच वर्षी बॅग भरून घरी आलो असतो. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बहारीनमध्ये, मनामात रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत मी नकाशे ट्रेस करायचो. आठवीत शाळा सोडलेली, पण रेघ स्वच्छ यायची. आमचा इंग्रज साहेब फावल्या वेळात त्याच्या मुलखातल्या एका रस्त्याचा इतिहास लिहीत होता. दोन लहान शहरांमधला रस्ता. आधी घोडागाड्या, मग टोलनाके, मग मोटारी. पुस्तकासाठी त्याचा जुना नकाशा शाईने उतरवायचं काम माझ्याकडे आलं. नेमका तेव्हाच माझा व्हिसा रिन्यूचा फॉर्म सहीसाठी त्याच्या टेबलावर पडून होता.

पहिली ट्रेसिंग परत आली. "अगेन." एवढंच. दुसरी, तिसरीही तशीच. काय चुकलं ते विचारायला माझं इंग्रजी पुरत नव्हतं, आणि सांगायची त्याला गरज वाटत नव्हती. रेघ जाड झाली असेल म्हणून पेन बदलला. शाईचे डाग ब्लेडने खरवडताना कागदच फाटला. फॉर्म तिथेच. घरी पत्रात मात्र 'सगळं ठीक आहे' लिहीत होतो.

चाचा शेजारच्या टेबलावरचे जुने ड्राफ्ट्समन. माझी चौथी ट्रेसिंग त्यांनी मूळ नकाशावर ठेवली आणि ते हसले. रस्त्याला मध्येच एक बेढब वळण होतं. मूळ नकाशा काढणाऱ्याचा हात हलला असेल, असं समजून मी दर वेळी ते सरळ करत होतो. मनामातले आमच्या कंपनीचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे. मला वाटलं, काम सफाईदार दिसेल.

"तुझ्या गावचा रस्ता काढ बघू," चाचा म्हणाले. मी काढला.

"इथे का वळला?"

"पाटलांनी मळ्यातून जागा दिली नाही."

"मग बाबा, साहेबाच्या मुलखात पाटील नसतील काय?"

वळण जसंच्या तसं काढलं. साहेबाने पाहिलं, फॉर्मवर सही केली. शाबासकी नाही. एका जमीनदाराने रस्ता अडवला म्हणून ते वळण पडलं आणि त्यावर साहेबाने अख्खं प्रकरण लिहिलंय, हे मला नंतर चाचांकडून कळलं. एकदा बोट ठेवून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? अजून चीड येते.

चाचांना त्यांच्या गावच्या घरापासून खाडीच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता तोंडपाठ आहे. त्याचा नकाशा कुणी काढलेला नाही. एक दिवस त्यांना शेजारी बसवून तो मी काढून देईन, एकही वळण सरळ न करता.