पाठीमागचं ‘स्पेश्नो’

बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहराच्या त्या विमा कचेरीत दोब्रिंका काल्चेवाचा आवाज आधी यायचा, दोब्रिंका मागून. अपघातवाल्यांच्या टेबलावर तिचं राज्य. रडत आलेल्याला ती हसवायची आणि थापा मारणाऱ्याला रडवायची. कीबोर्ड मात्र असा बडवायची की शेजारची इव्हा म्हणायची, "अगं, त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

मग वरून एक प्रोग्रॅम आला. माऊस किती थरथरतो, लिहिलेलं किती खोडलं जातं, यावरून म्हणे माणसाचा ताण कळतो! पडद्याच्या कोपऱ्यात दिवा: हिरवा, पिवळा, लाल. दोब्रिंकाचा कायम लाल.

"असंच राहिलं तर तुम्हाला तळघरात जुन्या फायलींवर पाठवतो," शाखाप्रमुख प्लामेन साहेब म्हणाले. "आराम पडेल."

आराम? माणसांवाचून दोब्रिंका करणार काय, उंदरांशी भांडणार?

तिने दिव्यावर डोळा ठेवला. लाल होतो कधी? ती खोडते तेव्हा. आणि खोडते कधी? इकडे कीबोर्डला दोन लिप्या, लॅटिन आणि बल्गेरियनची सिरिलिक. बल्गेरियन लिहायचं तर आधी लिपी बदलायची. घाईत ते राहिलं की अख्खी ओळ लॅटिन अक्षरांत, अगम्य! पुसा, परत लिहा. आणि ही घाई व्हायची साहेब पाठीशी उभे राहून "स्पेश्नो!" म्हणाले की. स्पेश्नो म्हणजे तातडीचं. साहेबांचं सगळंच स्पेश्नो, अगदी कॉफीसुद्धा.

शुक्रवारी साहेब तळघराचं सांगायला आले, तशी ती उठलीच.

"साहेब, बसा माझ्या खुर्चीत. एवढं एक पत्र लिहून दाखवा, मग मी मुकाट्याने खाली जाते."

"त्यात काय मोठंसं!" साहेब बसले. दोब्रिंका त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि कानाशी वाकून म्हणाली, "स्पेश्नो!"

"हो, हो."

"झालं का? स्पेश्नो आहे हो!"

साहेबांची बोटं धावली. मान वर करून बघतात तर पडदाभर लॅटिन कडबोळं! त्यांनी भराभर पुसलं.

"स्पेश्नो, साहेब, स्पेश्नो!"

पुन्हा तेच कडबोळं, आणि कोपऱ्यात दिवा लालभडक. इव्हा तोंडाला रुमाल लावून खदखदत होती.

"अहो बाई, असं मानगुटीवर बसल्यावर माणूस लिहिणार काय, कपाळ?" साहेब ओरडले. आणि आपणच काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. कान लाल झाले. सगळी कचेरी हसून हसून लोळली, आणि शेवटी, खरं सांगायचं तर, साहेबही हसले. भला माणूस हो तसा! तळघराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सोमवारी ते एक कागद घेऊन आले. टेबलाला वळसा घालून समोर उभे राहिले.

"दोब्रिंकाबाई, हे जरा... सवडीने."

"उद्या बघते," दोब्रिंका म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला तिने खणखणीत हाक मारली.