वायर हुकावर नसेल तर

“हा शोध नेमका कुणाचा?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“सांगितलं की म्याडम. अण्णाचा,” शिवानंद म्हणाला.

“वायरिंग तुम्ही केलंत. हॉर्न तुम्ही बसवलात. सीटखालचा स्विच तुम्ही शोधून आणलात. मग अण्णांनी काय केलं?”

शेजारच्या खुर्चीत त्याची वहिनी महादेवी बसली होती. नवरा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि ही बाई विचारतेय की त्याने काय केलं! तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच पाण्याची बाटली उघडली. पण हा प्रश्न विचारणं हेच माझं काम आहे, त्याला इलाज नाही.

मी सोलापुरात पेटंट एजंट आहे. आधी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, मग परीक्षा देऊन हे काम धरलं. पेटंट म्हणजे भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. तुम्ही काही नवीन शोधलंत आणि ते सरकारला तपशीलवार लिहून दिलंत, तर ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणाला ते तुमच्या परवानगीशिवाय बनवून विकता येत नाही. अर्जावर खऱ्या शोधकर्त्याचं नाव लागतं. ‘खऱ्या’वर जोर आहे. प्रेमापोटी किंवा साहेब आहेत म्हणून कुणाचं नाव घुसवता येत नाही. साहेबांची नावं घुसवायला माझ्याकडे बरेच लोक येतात. वारलेल्या भावाचं नाव लावायला आलेला शिवानंद पहिलाच.

शिवानंद ऑटो इलेक्ट्रिशियन. गाड्यांचं वायरिंग, हॉर्न, लाइट असली कामं. मल्लिनाथ त्याचा मोठा भाऊ, म्हणून अण्णा. मल्लिनाथ वडाप चालवायचा, म्हणजे माणसं भरून गावोगाव नेणारी जीप. सोलापूर ते अक्कलकोट आणि तिथून पुढे सीमेलगतच्या त्यांच्या गावापर्यंत. शिवानंदने हौसेने जीपमध्ये मोबाईल चार्जिंगची सोय करून दिली. सीटच्या पाठीला जाळीचा खिसा, त्यात चार्जिंगची वायर. प्रवासी खूश. फक्त एक भानगड झाली. लोक फोन चार्जिंगला लावायचे, गप्पांत रंगायचे आणि गाव आलं की पिशव्या उचलून उतरायचे. फोन जाळीत तसाच राहायचा. मग मल्लिनाथ रोज कुणाचा ना कुणाचा फोन परत द्यायला वाकडी वाट करून जायचा.

“म्हनून म्हनलं, कायतरी आवाज करनारं बसवू,” शिवानंद म्हणाला. “सीटखाली दाबाचा स्विच टाकला. मानूस उठला की कळतंय. पन फोन जाळीत हाय का न्हाय, ते कसं कळावं? वायरीतला करंट मोजून बघितला. लई डोकं खाल्लं त्यानं. फोन फुल चार्ज झाला की करंट जवळजवळ न्हाईच. यंत्राला वाटतंय, फोन काढला.”

“मग?”

“मग अण्णा म्हनला, करंट कशाला बघतोस? वायर बघ की. वायर हुकावर न्हाई म्हंजे फोनवर हाय.”

मी पेन खाली ठेवलं. जुन्या लँडलाइनचा रिसीव्हर आठवा. उचलला की खालचा खटका वर यायचा आणि फोनला कळायचं. अगदी तसंच. जाळीशेजारी एक हुक. वायर मोकळी असेल तेव्हा तिचं टोक त्या हुकावर लटकणार, तिच्या वजनाने हुकामागचा खटका दाबलेला राहणार. वायर हुकावर नाही आणि माणूस सीटवरून उठला, की हॉर्न वाजणार. फोन चार्ज झालाय का, बंद आहे का, कुठल्या कंपनीचा आहे, कशाशी देणंघेणं नाही.

“आधी का नाही सांगितलंत?” मी म्हणाले. “हाच शोध आहे. बाकीचं सगळं बाजारात मिळतं.”

महादेवी पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसली.

आता त्यांना पेटंट कशासाठी हवं होतं, ते सांगते. शिवानंदने मधल्या सीटना हुक बसवले. मागच्या बाकांवर चार्जिंग होतं, पण हुक बसवायचे राहिले होते. आज बसवू, उद्या बसवू चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका पोराने बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी वायर निसटली आणि फोन बाकाखाली गेला. पोरगा उतरला, मग त्याला आठवण झाली. मित्राच्या फोनवरून त्याने स्वतःच्या नंबरवर कॉल केला. स्विच ऑफ. ड्रायव्हरने फोन ढापून बंद केला, असं त्या पोरांनी ठरवूनच टाकलं. मोटरसायकलींवर पाठलाग करून जीप एका फाट्यावर अडवली आणि मल्लिनाथला मारलं. तो दवाखान्यात शुद्धीवर आलाच नाही.

फोन नंतर पोलिसांना बाकाखाली सापडला. एवढ्यावर मल्लिनाथची चोरीच्या आळातून सुटका व्हायला हवी होती. झालं उलटंच. बाकाखाली होता म्हणजे लपवला होता, असं गावात बोलणं सुरू झालं. मल्लिनाथचा मुलगा चौथीत. शाळेत त्याच्या मागे पोरं ‘मोबाईलचोर’ म्हणून ओरडायची.

“सरकारनं लिहून द्यावं की, ह्यांनी फोन परत मिळायचं यंत्र काडलं म्हनून,” महादेवी म्हणाली. तिची माहेरची भाषा कन्नड, मराठी सावकाश बोलायची. “चोर कशाला आसलं काडंल?”

एवढंच तिला हवं होतं. यंत्र विकून काय मिळेल हे दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात असं क्वचितच झालंय.

मी शोधाशोध केली. जगभरातली पेटंटं पाहता येतात, आधी कुणी काय करून ठेवलंय ते तपासावं लागतं. करंट मोजणारी उपकरणं भरपूर निघाली. मोबाईलवर मेसेज पाठवणारीही निघाली. हुकाचं कुणी केलेलं नव्हतं. मुंबईला माझे एक सीनियर आहेत, त्यांना फोन लावला.

“सर, फार साधं आहे. पेटंट ऑफिस म्हणेल यात डोकं काय लावलंय?”

“साधं आहे म्हणून घाबरू नका. इतके लोक करंटच्या मागे लागले आणि हे कुणाला सुचलं नाही, असं लिहा. शोधकर्ता वारलाय ना? मग बायको वारस म्हणून अर्ज करू शकते. पण आयडिया त्याचीच, याचा पुरावा आहे?”

मी दोघांना परत बोलावलं. पुरावा म्हटल्यावर महादेवीचा चेहरा उजळला.

“व्हिडिओ हाय की!”

शिवानंदने मोबाईल पुढे केला. जीपमध्ये मल्लिनाथ. भरदार मिशा, उन्हाने डोळे बारीक केलेले. तो वायर हुकावर अडकवून दाखवतो, काढून फोनला लावतो. एका प्रवासी बाईला म्हणतो, “मावशी, उठा बगू.” मावशी उठते, रिव्हर्स हॉर्नची केविलवाणी धून वाजते आणि मावशी दचकून पुन्हा खाली बसते. सगळी जीप हसते. मग तो कॅमेऱ्याकडे बघून सांगतो, “करंट बगायचाच न्हाई. वायर हुकावर न्हाई म्हंजे फोनवर हाय.” शब्दाला शब्द.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच व्हिडिओ थांबवला. शोध कुणाचा, हे मेलेला माणूस स्वतः सांगत होता. अर्जाचा मसुदा मी मनातल्या मनात लिहायलासुद्धा लागले. आणि मग लक्षात आलं की मी मूर्खासारखी खूश होतेय.

“हा व्हिडिओ काढला कुणी?”

“स्टँडवरच्या एका ड्रायवरनं.”

“आणि पाठवला कुठं?”

“ड्रायवरांच्या ग्रुपवर. मग त्यानं यूट्यूबवर टाकला. लई जणांनी बघितलाय,” शिवानंद अभिमानाने म्हणाला.

पेटंटचा पहिला नियम असा, की अर्ज करण्याआधी शोध जगाला माहीत असता कामा नये. सत्कारात सांगितला, पेपरात छापून आला, व्हिडिओत दाखवला, की तो जुना झाला. मग तो तुम्ही स्वतः दाखवलेला असला तरी जुनाच. मल्लिनाथने हुक लावून दाखवला होता, स्विच दाखवला होता, हॉर्न वाजवून दाखवला होता. काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नव्हतं. शोध त्याचा आहे हे ज्यातून सिद्ध होत होतं, त्यातूनच पेटंट जात होतं.

मी हे समजावलं. दोघांना पटलं नाही. मलाही पटवून घ्यायचं नव्हतं. कायद्यात एक पळवाट आहे. शोधकर्त्याची संमती नसताना दुसऱ्याने शोध जाहीर केला, तर काही वेळा तो जुना धरत नाहीत. मी पुन्हा सरांना फोन लावला.

“यूट्यूबवर टाकायला त्याने परवानगी दिली नव्हती, असं दाखवता येईल का?” त्यांनी विचारलं. “व्हिडिओ पूर्ण पाहिलात?”

“जवळजवळ.”

“जवळजवळ म्हणजे काय? पूर्ण पाहा आणि मग फोन करा.”

आम्ही तिघांनी राहिलेला भाग पाहिला. मल्लिनाथ हुकावर बोटाने टकटक करत बोलत होता.

“समद्या ड्रायवर भावांनी आपापल्या गाडीत बसवून घ्या. आपल्याच्यानं न्हाई जमलं तर माजा भाऊ हाय, लावून दील. कुनाचा फोन राहू नये, आन् कुनी आपल्याला चोर म्हनू नये. ह्ये फुडं पाठवा, समद्यास्नी पाठवा.”

संमती आणखी कशी असते?

मग शिवानंदने हळूच विचारलं, “शेवटचं तेवढं कापलं तर?”

“यूट्यूबवर पूर्ण आहे.”

“काडायला लावतो. आपल्याच स्टँडचा मानूस हाय तो.”

“शिवानंद, ते खोटं होईल. उद्या कुणाच्या तरी मोबाईलमधून मूळ व्हिडिओ बाहेर निघेल आणि अण्णांच्या नावावर सरकारला फसवल्याचा डाग लागेल. शिवाय माझं लायसन जाईल.”

“तुमाला लायसनची पडलीया!” तो उसळला. “हितं आमचं पोरगं शाळंत जायला रडतंय!”

मला राग आला, पण त्याच्यावर नव्हे, त्या नियमावर. मी काही बोलायच्या आत महादेवी म्हणाली, “कापायचं न्हाई.”

“वैनी, तेवड्यानं काम होतंय...”

“तेवडंच तर त्यांचं हाय. बाकी समदं यंत्राचं हाय.”

तिने मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. मग मला विचारलं, “म्याडम, लोकास्नी सांगून टाकलं म्हनून सरकार नाव द्यायचं न्हाई?”

“हो. असंच आहे.”

“मग ज्यानं लपवलं, त्याला देतंय व्हय?”

मी उत्तर दिलं. लोकांच्या हातात आधीच आलेली गोष्ट पुन्हा कुणा एकाच्या कुलपात घालता येत नाही, त्यासाठीच हा नियम आहे, तो वाईट नाही, वगैरे. वर्गात शिकवावं तसं समजावलं. त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता आणि बोलताना माझी मलाच लाज वाटत होती. ती ऐकून घेत राहिली.

एक मार्ग उरला होता. हुकात काही नवी सुधारणा करायची आणि तिचा अर्ज शिवानंदच्या नावाने करायचा. मी सुचवून पाहिलं.

“माजं नाव घिऊन काय करू?” तो म्हणाला. “मागच्या बाकाला हुक लावायचा राहिला, तो माजाच की.” अर्ज झाला नाही. फाईल बंद केली.

व्हिडिओ त्यांनी कोर्टातल्या वकिलांना दिला. वकील म्हणाले, माणूस भला होता हे दिसतं, पण मारलं कुणी हे यातून दिसत नाही. आरोपी जामिनावर बाहेर आहेत. तारखा पडतात. फाट्यावर तेव्हा एवढी गर्दी होती, आता साक्षीला विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, मी तिथे नव्हतोच.

नव्या क्लायंटला मी पहिल्याच भेटीत दम देते. अर्ज नंबर हातात येईपर्यंत शोध बायकोलासुद्धा सांगू नका, व्हिडिओ तर नाहीच. लोक हसतात. हसू देत.

काही महिन्यांनी महादेवी माझ्याकडे तपासायला ठेवलेला नमुन्याचा हुक परत न्यायला आली. तिने सांगितलं की आता त्या लाइनच्या बहुतेक जीपमध्ये हुक आहेत. कुणाला शिवानंद बसवून देतो, कुणी स्वतः बसवतं. मला बरं वाटलं आणि मी तसं म्हणाले.

“त्याला काय म्हनत्यात म्हाईत हाय का?” तिने विचारलं. “परवा येताना ड्रायवर मलाच म्हनला, अक्का, वायर चोरहुकाला लावा.”

जाळीच्या आड असतो, चटकन दिसत नाही, म्हणून चोरहुक. मी तिला समजावलं, की अहो, चोरखिसा म्हणतो, चोरकप्पा म्हणतो, तसंच हे. मराठीत तिथे चोर म्हणजे नुसतं लपलेलं. त्या ड्रायव्हरच्या मनात वाईट काही नसेल.

“मला कळतंय की, म्याडम,” ती म्हणाली. “माज्या पोराच्या शाळंत यून सांगशीला का?”

तिने हुक पिशवीत टाकला आणि गेली. आमच्या अर्जात शोधाचं नाव लिहायचा एक रकाना असतो. हल्ली मी सगळ्यात आधी तोच भरून घेते. वस्तू लोकांच्या हातात गेली की तिला नाव लोकच ठेवतात, आणि त्यावर हरकत घ्यायला कुठलंही ऑफिस नाही.