मारिसोलच्या मागे शिकागोला

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा फोन भिंतीला टांगलेले असत आणि माझी अक्कल खुंटीला. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचं कॉलेज मी मध्येच सोडलं होतं. मारिसोल ही जर्सी सिटीतली पोर्तोरिकन मुलगी, माझं प्रेम. शिकागोत मावशीकडे राहून ती वॉर्डाच्या निवडणुकीत प्रचार करत होती. तिला परत आणायला मी निघालो.

बसनं जाणार असाल तर पेनसिल्व्हेनिया झोपेत काढा आणि खायला घरून न्या. बस-स्टँडवरचं सँडविच महाग आणि ओलं. आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या मला इंडियानापर्यंत पुरल्या.

प्रचाराचं ऑफिस म्हणजे बंद पडलेलं चपलांचं दुकान. आत जुंपलेली! उमेदवार मेक्सिकन, निम्मे कार्यकर्ते पोर्तोरिकन. मग सभेला जेवण कुणाचं? मारिसोलच्या मावशीला तुरीचे दाणे घातलेला भात हवा होता, मेक्सिकन बेकरीवाले राऊलकाका मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडलेल्या तमालेंवर अडले होते.

"तमाले खाऊन कोण मत देतं?"

"तुमच्या भातानं आजवर कोण निवडून आलं?"

माझं डोकं तापलं. "एकमेकांचं जेवण चालत नाही, मग उमेदवार एक कशाला?"

"हा कोण दीडशहाणा?" काकांनी विचारलं.

"माझा मित्र," मारिसोल पुटपुटली. नुसता मित्र!

मावशी म्हणाली, "पोरा, कचऱ्याची गाडी यांच्या गल्लीत येत नाही, आमच्याही नाही. सिटी हॉलला आम्ही सगळे सारखेच. मग मतं तरी एका पेटीत पडू देत."

"आणि जेवण?"

"जेवण भाताचंच!"

शेवटी दोन्ही शिजलं. मी कुठल्याच बाजूचा नाही, म्हणून वाढायला मला उभं केलं. आपल्या पंगतीत काय विचारून वाढतात? मी प्रत्येकाच्या ताटात भातही घातला आणि तमालेही. "नको" म्हणणाऱ्याला दुप्पट. एक आजोबा शिव्या देत देत दोन्ही संपवून गेले. मंचावरून उमेदवार "आपण सगळे लॅटिनो" म्हणाला, तेव्हा दोन्ही गल्ल्यांनी टाळ्या वाजवल्या. तोंडं भरलेली होती, विरोध कोण करणार?

सभेनंतर मी म्हटलं, "चल परत."

"वेडा आहेस? तूच थांब. दारोदार फिरायला माणसं कमी आहेत."

मी तणतणत एकटाच परतीची बस पकडली.

घरी येऊन मी सांगितलं, तेव्हापासून तुरीच्या दाण्यांचा भात आईही करते. निकालाच्या दिवशी मारिसोलचा फोन आला. "जिंकलो!" मीही आनंदानं ओरडलो. मग विचारलं, "येतेस कधी?"

"आता कुठली येते? काम तर आत्ता सुरू झालंय."

तिनं मला एखाद्या पोरासाठी सोडलं असतं, तर त्याला गाठून दोन ठेवून तरी दिल्या असत्या. अख्ख्या वॉर्डाशी मारामारी कशी करायची?