केपर या शब्दाबद्दल कमलला

कमल, अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची एसटी लागली तेव्हा माय आणि बाबा होते, तू नव्हतीस. "लहान हाय, येईल पळत," माय म्हणाली. गाडी हलेपर्यंत मी मागे बघत राहिलो. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं.

त्या वर्षी लातूर जिल्हा नवा झाला होता. कॉलेजच्या फॉर्मवर मी उस्मानाबाद लिहिलं, खोडलं, लातूर लिहिलं. विहिरीचा तळ मात्र तसाच कोरडा. माझ्या प्रवेशासाठी दोन करडांतलं एक विकायचं ठरलं होतं. व्यापारी करडं मोकळी सोडून बघतो; उड्या मारील ते घेतो, मान टाकून उभं राहील ते सोडतो. हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू तुझं पांढरं करडू आदल्या दिवसापासून शेळीपासून लांब बांधलंस, उपाशी ठेवलंस, आणि कोणाला सांगितलं नाहीस. सकाळी ते ओरडत होतं. आता आपण गाव सोडून जाणारच, जाता जाता याला पाजावं, असं मनात येऊन मी त्याला शेळीखाली सोडलं. ते पोटभर प्यालं.

व्यापारी आला तेव्हा ते चारही पायांवर उडत होतं.

"लई चंट हाय हे. हेच द्या."

"न्या," बाबा म्हणाले.

तू मला विचारलंस, "भाऊ, तू पाजलंस त्याला?"

"हाव," मी म्हणालो.

कॉलेजात इंग्रजीच्या तासाला 'केपर' शब्द आला. म्हणजे बागडणं, उड्या मारणं. सर म्हणाले, हा शब्द मुळात लॅटिनमधला, तिथं कॅपर म्हणजे बोकड. तो प्राणी उगाच, नुसत्या आनंदानं उडतो, म्हणून माणसाच्या बागडण्यालाही तोच शब्द. मी कसाबसा उभा राहिलो. "सर, उगाच नाही उडत. पोट भरलं तरच उडतं." वर्ग हसला. तेव्हापासून मेसमध्ये मुलं विचारतात, "काय बकरीवाले, आज उडणार का?"

तो शब्द मी तुला पत्रात अर्थासकट लिहिला. तुला आवडेल असं का वाटलं, आज सांगता येत नाही. चौथीतल्या अक्षरात तुझं कार्ड आलं: "शब्द वाचला. तुला नवीन शब्द भेटला, चांगलं झालं. इथं कोणी उड्या मारून राहिलं न्हाई."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो तेव्हा शेळी पुन्हा व्याली होती. मला फाट्यावरून येताना बघून तू नवं करडू उचललंस, आत नेलंस, कडी लावलीस.

"अगं, भाऊ हाय तुझा, बेपारी न्हाई," माय हसून म्हणाली.

"म्हाईत हाय," तू आतून म्हणालीस.

कमल, हॉस्टेलवर कोणी घर कुठलं विचारलं की मी अजून आपल्या गावाचंच नाव सांगतो. पण आता घरी आलो की अंगणाबाहेर थांबतो, खाकरतो. तू आतून कडी लावल्याचा आवाज आला की मग आत येतो.