मिठाच्या कडेला

बारावीला मुखेडच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या मॅडमनी बरणीत कडबा भिजत घातला होता. आठवडाभरात त्या पाण्याला असा वास सुटला की पोरी नाकाला ओढणी लावून बसल्या. त्यातला थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर चपलेच्या तळासारखे पॅरामेशियम सुसाट पळताना दिसले. मॅडमनी थेंबाच्या कडेला मिठाचा खडा ठेवला. मिठाजवळ गेलं की ते अंगावरचे बारीक केस उलटे हलवून मागे सरायचं, जागच्या जागी थोडं वळायचं आणि नव्या दिशेनं निघायचं. तिथंही खारट लागलं तर पुन्हा मागे, पुन्हा वळण. ना डोळे, ना मेंदू. एका पेशीचा जीव तो. माझी तहानभूक हरपली. हेच शिकायचं, नांदेडला बीएस्सीला जायचं, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पप्पांना डॉक्टरच हवी होती. ते स्वतः मास्तर. सगळ्या गावाला अक्कल शिकवायचे. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत, 'नीट'मध्ये, मी आपटले तेव्हा त्यांनी मला लातूरला रिपीटर बॅचला घातलं. "अजून एक डाव कर. न्हाई झालं तर नांदेड, माझा शब्द हाय," म्हणाले. क्लासमध्ये दर चाचणीनंतर गुणांप्रमाणे बाकं बदलायची. मी सरकत सरकत मागच्या भिंतीला टेकले. एकदा पॅरामेशियमचे ते केस उलटे कसे फिरतात, हे मी विचारलं. सर म्हणाले, "पर्यायात न्हाई ते डोक्यात कशाला?" सगळी बॅच हसली.

दुसऱ्यांदाही आपटले. खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. मुखेडच्या स्टँडवर नांदेडची एसटी लागली होती. मी पायरीवर पाय ठेवला, तोवर पप्पांनी माझी वळकटी शेजारच्या लातूरच्या गाडीत टाकली. "लोक विचारायलेत. काय सांगू?" एवढंच बोलले. पॅरामेशियम मागे येतं ते वळण्यासाठी. आमच्याकडे मागे आणतात आणि पुन्हा त्याच मिठावर सोडतात. पप्पांवरचा तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तिसऱ्या वर्षी गुण आणखी कमी पडले. नांदेडचा विषय मग घरात कुणी काढलाच नाही.

आता मी लातुरातच एका क्लासच्या चौकशी खिडकीवर बसते. परवा रेणापूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. दोनदा आपटलेली पोरगी, दाराकडे तोंड करून उभी होती.

"यंदा हिचं होईल न्हवं, मॅडम?"

"होईल, काका," मी म्हणाले. मला तेवढंच बोलायला ठेवलंय.

पोरगी वळून माझ्याकडे बघू लागली. मी पुढच्या माणसाला हाक मारली.