पाण्याखाली गेलेल्या गावाची गाणी

तोंडवलीत प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. मी ओरोसला सरकारी कचेरीत. तो पर्यटकांना होडीतून फिरवायचा आणि देवळातल्या भजनात पखवाज वाजवायचा. ती लांबलचक, मध्येच ताल बदलणारी गाणी त्याला माझ्याआधी उमगायची. मांडीवर बोटं आपटत म्हणायचा, "हयसर सात मात्रा आसत. ऐक."

आमच्या आवडत्या परदेशी बँडचा नवा अल्बम आला, तोवर त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिससाठी त्याला ओरोसला आणायचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या खाटेशी जाऊन बसायचो. इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या.

सगळ्या गाण्यांत मिळून एकच गोष्ट होती. एक गाव धरणाखाली जाणार असतं. सगळे निघून जातात, एक माणूस घर सोडत नाही. गाण्यागणिक पाणी चढत जातं आणि तो रिकाम्या घरांशी बोलत राहतो. इतकं काळोखं संगीत मी कधी ऐकलं नव्हतं. मला ते फार आवडलं. तो माणूस मला मोठा वाटला. मित्र मात्र फक्त ड्रमबद्दल बोलला. निम्मा अल्बम झाला आणि नर्स आली.

"उरलेलो फुडच्या खेपेक," तो म्हणाला.

त्याआधीच तो गेला. उरलेली गाणी लावायचा धीर मला झाला नाही.

काही महिन्यांनी त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी, म्हणजे त्याची बायको, अंगणात आमसुलं वाळत घालत होती. म्हणाली, "भावजी, तुमी दोघा दवाखान्यात काय ऐकत होतास? माका ऐकवा."

"वहिनी, ता इंग्लिश आसा."

"तुमी अर्थ सांगा मगे."

पडवीत बसून फोन मध्ये ठेवला. गाणं थांबवत थांबवत मी मालवणीत सांगत गेलो. पाणी उंबऱ्यार इला. पाणी चुलीत गेला. इंग्रजीत मला जे भव्य वाटलं होतं, ते आमच्या बोलीत नुसतं खरं वाटायला लागलं.

वहिनीने मध्येच विचारलं, "तेका कोणी बांधून घातल्यानी?"

"नाय."

"दुखणा होता?"

"नाय, वहिनी."

"भायर जावक वाट होती?"

"होती."

"मगे उठाक काय झाला तेका?" तिचा आवाज चढला नव्हता. "हेंका जगूचा होता. सुयो टोचून टोचून हात काळो झाल्लो, तरी दर खेपेक स्वतः गाडीत जावन बसत. आणि ह्यो धडधाकट माणूस थंय बसान रवता."

मी फोनकडे हात नेला. बंद करू का, म्हणून विचारलं.

"नको. हेंचा ऐकूचा रवला. होऊ दे पुरा."

पुढची गाणी मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटच्यात शब्दच नव्हते. ऑर्गनचा एक सूर लांबत राहिला आणि खाली संथ ड्रम. ताल कसा आहे ते मला कळेना, आणि विचारायला कोणी नव्हतं.

"आता काय म्हणता तो?" वहिनीने विचारलं.

"काय नाय. शब्द नायत."

तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मीही रडलो. त्या माणसाला वाचवायला शेवटपर्यंत कोणी येत नाही. सूर बारीक होत गेला आणि अल्बम संपला.

ओरोसच्या बसमध्ये अजून कधीतरी तो अल्बम लावतो. संगीत तितकंच सुंदर आहे. पण घर न सोडणारा तो माणूस आता मला मोठा वाटत नाही. वहिनीसारखा मीही त्याच्यावर चिडतो, आणि तरी शेवटपर्यंत ऐकतो.

परवा वहिनी बाजारात भेटली. निघताना म्हणाली, "त्या गाणेवाल्यांचा नवीन काय इला?"

"नाय अजून."

"इला तर सांगा," म्हणाली, आणि पिशवी उचलून रिक्षाकडे गेली.